पद्मक्कांची अकरा मिनिटं

पद्मक्का, त्या दिवशी तुमचा आवाज मी बंद केला होता. नेटवर्क गेलं नव्हतं. तुमचं बोट चुकून कुठे लागलं नव्हतं. ऑनलाइन वर्ग माझ्या नावाने उघडायचा, सगळ्यांचे माईक माझ्या हातात असायचे, आणि चाळीस पालक बघत असताना मी तुमच्या नावापुढचा माईक बंद केला. तुम्ही अकरा मिनिटं बोलत राहिलात. कुणालाही काही ऐकू गेलं नाही. नंतर तुम्ही विचारलंत, तेव्हा मी खोटं सांगितलं.

तुम्हाला जाऊन एकोणीस दिवस झाले. हे सगळं पहिल्या परिच्छेदातच लिहून टाकलं, कारण पुढे कधीतरी सांगू म्हणून ठेवलं की मी ते टाळतो. चार वर्षं हेच केलं. तुमच्या घरी जिना चढताना ठरवायचो, आज सांगायचंच. तुम्ही कॉफीचा टंबलर पुढे करायचात, आणि मी फिल्टर कॉफीत चिकोरी किती असावी यावर बोलायला लागायचो.

आपण भेटलो तो दिवस आठवतो. के. आर. पुरमची आपली लहानशी शाळा, स्टाफरूममध्ये पंख्याखालची एकच खुर्ची आणि तिच्यावर तुम्ही. मी नागपूरहून आलेला, आधी एका कंपनीत लोकांचे बंद पडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, आता शाळेत कॉम्प्युटर शिकवायला घेतलेला. माझं आडनाव ऐकून तुम्ही मराठीत विचारलंत, "नागपूरचा का? म्हणजे नवा. स्वल्प दिवस जाऊ दे, होशील आमच्यातला."

"किती दिवस, मॅडम?"

"आमच्या मराठी लोकांना इथलं व्हायला दोनशे वर्षं लागली. तू शिकलेला आहेस, दीडशेत होईल. आणि मॅडम काय? अक्का म्हण."

सगळी शाळा हसली. मराठी कुणालाच कळत नव्हती, तरी हसली. त्या दिवसापासून मी तुमचा तम्मा झालो. धाकट्या भावाला कन्नडमध्ये असं म्हणतात, हेसुद्धा मला तुमच्याकडूनच कळलं.

मग शाळा बंद झाल्या आणि मुलं पडद्यावर गेली. त्याच वर्षी मला कोऑर्डिनेटर केलं होतं, सहा महिन्यांच्या बोलीवर. काम जमलं तर कायम, नाही तर परत कॉम्प्युटर लॅब. बारा शिक्षिकांना ऑनलाइन शिकवायला शिकवणं हे माझं पहिलं काम. तरुण मुली दोन दिवसांत शिकल्या. तुमचा फोन रोज दुपारी तीनला यायचा.

"तम्मा, लॅपटॉप उघडला की. आता?"

"आता मी पाठवलेल्या लिंकवर क्लिक करा."

"ती फोनात आहे रे. आणि लॅपटॉप इथं आहे. फोनातलं ह्याच्यात कसं आणू? ओतू का?"

मी हसलो, तुम्हीही हसलात. पण तुम्ही सगळं लिहून घेत होतात. दोनशे पानी वही, आणि तिच्यात मराठी, पण कन्नड लिपीत. तुमच्या घरात सगळे असंच लिहितात म्हणालात. मला कन्नड वाचायला अर्धं मिनिट लागतं एका शब्दाला, म्हणून एकदा तुम्हीच एक पान वाचून दाखवलंत. "एक. चार्जर लावणे. दोन. पदर नीट करणे. तीन. हिरवं बटण. चार. मुलांचे चेहरे मोजणे. पाच. कुणाचा चेहरा उतरलाय ते बघणे, मग गुड मॉर्निंग." यातला पाचवा मुद्दा माझ्या प्रशिक्षणात कुठेही नव्हता.

लोकांना वाटतं की तुम्हाला तंत्रज्ञान नको होतं. मलाही तेव्हा तसंच वाटायचं. खरं तर बारा जणींत सगळ्यात जास्त तुम्हालाच ते हवं होतं. फक्त ते कशासाठी हवं, हे तुम्हाला माहीत होतं आणि मला नव्हतं.

आपलं भांडण सशावरून सुरू झालं. हातच्याची वजाबाकी शिकवायला मी एक स्लाइड-शो बनवला होता. ससा गाजरं खातो, गाजरं संपतात, शेजारच्या घरून दहाची जुडी घेऊन येतो, टिंग असा आवाज होतो. तीन रात्री घालवल्या होत्या त्यावर. तुम्ही तो नीट बघितलात. पुन्हा लावायला सांगितलंत. मग म्हणालात, "छान आहे रे तुझा ससा. पण तो थांबत नाही की."

"थांबतो ना अक्का. इथे पॉज आहे."

"मी थांबवला तर थांबतो. पोरगं अडलं तर थांबत नाही."

"पोरगं अडलं हे तुम्हाला पडद्यावर कळणार कसं?"

"ते मी बघते. तुझ्या सशाला बघायला लाव आधी."

मी चिडलो होतो. तुम्हाला कळलं असेल, कारण तुम्ही लगेच म्हणालात, "सरी, सरी, बरं, लावते तुझा ससा. रुसू नको." हा वाद आपण पुढे कितीतरी वेळा घातला आणि कधीच संपवला नाही. आज सांगतो, तुमचं बरोबर होतं. पण त्या आठवड्यात माझ्या डोक्यात फक्त ससा होता, कारण शनिवारी खुला वर्ग होता.

खुला वर्ग म्हणजे पालक, ट्रस्टी आणि सेक्रेटरी सर सगळे एकदम ऑनलाइन बसून बघणार. फी कशाची भरायची, असं पालक विचारू लागले होते. सेक्रेटरी सरांनी मला फोनवर बजावलं होतं, "हा वर्ग आपली जाहिरात आहे. तुमचीसुद्धा." दुसरीचा वर्ग त्यांनीच निवडला. दुसरी नीट दिसली तर बाकी शाळा नीट दिसते, असं त्यांचं म्हणणं.

मी बेळ्ळंदूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून बसलो होतो. बाहेरच्या खोलीत बायकोची ऑफिसची मीटिंग चालू होती, म्हणून कानात हेडफोन. तुम्ही तुमच्या घरी, मागे कॅलेंडर, समोर चिंचोके आणि काडेपेट्या. प्रत्येक काडेपेटीत दहा चिंचोके. मुलांच्या घरीही तुम्ही तसेच तयार करायला लावले होते. ठरलं होतं ससा, आणि तुम्ही चिंचोके मांडून बसलात.

पहिली पंधरा मिनिटं छान गेली. ससा आला, गाजरं खाल्ली, टिंग झालं. मग तुम्ही बेचाळीसातून सतरा घालवायला दिले आणि एकेका मुलाला पाटी दाखवायला सांगितली. अनन्याची पाटी आली. तिच्यावर पस्तीस होते. आणि तुम्ही थांबलात.

"सशाला स्वल्प बसू दे," असं म्हणून तुम्ही स्लाइड बंद केली. "अनन्या, पुट्टी, इकडे बघ बाळा. बाकी सगळ्यांनी पाणी पिऊन या." इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या खुल्या वर्गात तुम्ही कन्नडमध्ये बोलायला लागलात. हळू आवाजात. काडेपेटी उचलून कॅमेऱ्यापुढे धरलीत, अर्धा पडदा काडेपेटीने भरला. वेळ जाऊ लागला. माझ्या फोनवर सेक्रेटरी सरांचा मेसेज आला. "What is going on?" मग दुसरा. "Parents are messaging me." मग तिसरा. "Handle it. Now."

मला तेव्हा काय वाटलं ते आता खरं सांगतो. भीती होतीच. सहा महिन्यांची बोली होती, घरभाडं होतं, गावाकडे आईला सांगून झालं होतं की मुलगा कोऑर्डिनेटर झाला. पण फक्त भीती नव्हती. माझा ससा तुम्ही सगळ्यांसमोर बाजूला बसवला होता, त्याचा राग होता. तो राग नसता तर कदाचित मी दोन मिनिटं थांबलो असतो. मी थांबलो नाही. तुमच्या नावापुढचा माईक बंद केला, तो तुम्हाला परत सुरू करता येऊ नये अशी खूण केली, आणि पालकांच्या ग्रुपवर मेसेज टाकला. पद्मा मिसच्या बाजूने नेटवर्कची अडचण आहे, वर्ग इथेच थांबवत आहोत, पुढचा भाग सोबतच्या लिंकवर पाहावा.

लिंक सशाची होती.

तुमचा फोन आतल्या खोलीत होता. वर्ग चालू असताना फोन जवळ ठेवायचा नाही, हा तुमचा नियम. त्यामुळे मेसेज तुम्ही बघितलाच नाही. मुलांचे माईक वर्गात नेहमी बंदच असायचे, त्यामुळे पलीकडून आवाज येत नाही यात तुम्हाला वावगं वाटलं नाही. तुम्ही अनन्याशी बोलत राहिलात.

मी बघत होतो. वर्ग मी तिथेच बंद करू शकलो असतो. पण मग तुमच्या पडद्यावर लगेच काहीतरी आलं असतं, तुम्ही लगेच मला फोन केला असता, आणि मला उत्तर तयार करायला वेळ हवा होता. म्हणून बघत बसलो. मुलं कानाला हात लावून तुम्हाला सांगत होती, मिस, ऐकू येत नाही. पाच-सहा मुलं, दोन्ही हात कानांवर. तुम्ही ते पाहिलंत, आणि तुम्हाला वाटलं पोरं खेळतायत. तुम्ही हसून स्वतःचे दोन्ही हात स्वतःच्या कानांना लावलेत आणि मान डोलावलीत. मग परत काडेपेटी उचललीत.

पद्मक्का, ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. बाकी सगळं पुसट होत चाललंय, ते होत नाही.

एकेक चौकट विझत गेली. पालक मुलांना उठवून नेत होते. चाळीसच्या वीस झाल्या, वीसच्या सहा. तुम्हाला वाटलं असणार, वेळ संपली म्हणून जातायत. अनन्या मात्र बसलेली होती. शेवटी तीही गेली. तुम्ही रिकाम्या पडद्याकडे थोडा वेळ बघितलंत, चिंचोके गोळा केलेत आणि वहीत बघून, क्रमाने, सगळं बंद केलंत.

दहा मिनिटांत तुमचा फोन. "तम्मा, काय झालं रे? ग्रुपवर नेटवर्क-नेटवर्क काय लिहिलंयस? पोरं कानाला हात लावत होती, ती खेळत नव्हती की काय?"

"अक्का, तुमच्याकडून आवाज येत नव्हता."

"किती वेळ?"

"थोडा वेळ."

"किती रे?"

"अकरा मिनिटं."

"अय्यो." मला ते "अय्यो" सहन होईना, म्हणून मी घाईने म्हणालो, "नेटवर्क गेलं असेल. किंवा माईकच्या बटणावर तुमचं बोट लागलं असेल. होतं असं."

नेटवर्कवर ढकलून थांबलो असतो, तर एक खोटं झालं असतं. बोटाचं मी का जोडलं? नेटवर्क तपासता येतं, बोट तपासता येत नाही. इतका विचार मी त्या क्षणी केला होता. माणूस घाबरला की त्याचं डोकं किती नीट चालतं, याची मला अजून किळस येते.

तुम्ही म्हणालात, "लागलं असेल. माझ्या बोटांना अक्कल नाही." आणि लगेच, "अनन्याच्या खांद्यावर बापाचा हात बघितलास का तू? चौकटीच्या कडेला? असा दाबून धरला होता. चुकली की दाबत होता. म्हणून तर थांबले मी."

मी बघितला नव्हता. तोवर पडद्यावर मी ससाच मोठा करून ठेवला होता.

सोमवारी मीटिंग झाली. सेक्रेटरी सर, मुख्याध्यापिका, तुम्ही, मी. सगळे मास्क लावून, लांब लांब. सरांनी मला विचारलं, "अडचण तांत्रिक होती ना? त्यांच्याकडून?" तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मास्कमुळे मला फक्त तुमचे डोळे दिसत होते.

मी म्हणालो, "हो सर. त्यांच्याकडून."

"माझंच चुकलं," तुम्ही इंग्रजीत म्हणालात. "मी शिकेन. मला तीन महिने द्या, पण दुसरी काढून घेऊ नका." तुमच्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत तुम्ही शाळेकडे काही मागितल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. सर म्हणाले, बघू. आठवड्याने दुसरी एका नव्या मुलीकडे गेली आणि तुम्हाला ग्रंथालय मिळालं. मी कायम झालो.

मला वाटलं होतं, तुम्ही आता फोन करणार नाही. मंगळवारी तीन वाजता फोन आला. "तम्मा, चल, माईकपासून सुरू कर. तो माझा शत्रू आहे."

वर्ग नसताना तुम्ही शिकलात. हे मी कुणाला सांगितलं तर पटत नाही. तुमच्या मुलीच्या, मेघाच्या, जुन्या टेबल-लॅम्पमधला बल्ब काढून त्याच्या वाकड्या मानेला तुम्ही फोन बांधलात, शाळेच्या लाल रिबिनींनी. कॅमेरा थेट खाली टेबलावर, त्यामुळे चिंचोके आणि तुमची बोटं नीट दिसायची. पडद्यावर लिहायला शिकलात. मुलांना ऑनलाइनच दोन-दोनच्या वेगळ्या खोल्यांत पाठवायला शिकलात, तेव्हा ते मलाही नीट येत नव्हतं. तुमच्या वहीची झेरॉक्स शाळेतल्या चौघींनी काढून नेली. मराठी येत नसताना. कन्नड अक्षरांतली मराठी मोठ्याने वाचायच्या आणि निम्मं कळायचं म्हणायच्या.

दर वेळी सुरुवात मात्र तीच. बोलायच्या आधी तुम्ही माईकच्या चित्राकडे बघायचात, बोट वर धरून, न टेकवता. "हिरवा आहे ना? सरी. दिसतोय का आवाज?" दिवसातून चार-चार वेळा. मी कॅमेऱ्यासमोरून तोंड वळवायचो.

आणि मग एका दुपारी, नेमका तो प्रश्न. आपण तुमच्या घरी होतो, शाळा परत सुरू व्हायला पंधरा दिवस होते. तुम्ही शेंगा सोलत होतात. वर न बघता विचारलंत, "तम्मा, हे मशीन आपोआप आवाज बंद करतं का रे? म्हणजे माणसानं काही न करता?"

होस्टने, म्हणजे ज्याच्या नावाने वर्ग उघडतो त्याने, कुणाचा माईक बंद केला की त्या माणसाच्या पडद्यावर दोन-तीन सेकंद तसं लिहून येतं. होस्टने तुम्हाला म्यूट केलं आहे, असं. तुम्ही ते पाहिलं होतंत का? की इतकं शिकल्यावर तुम्हाला शंका आली? की नुसतंच विचारत होतात? तुमचे हात शेंगांवर चालूच होते.

"करतं कधी कधी," मी म्हणालो.

तुम्ही मान हलवलीत. "मग बरं. कधी कधी करतं तर." आणि मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवलेत.

पुढची तीन वर्षं मे महिन्यात वर्गवाटपाची यादी मी करत होतो. माझ्याच हाताने. दुसरीसमोर तुमचं नाव लिहायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती, फक्त सेक्रेटरी सरांनी कारण विचारलं असतं. आणि खरं कारण एकच होतं. मी दर वर्षी ग्रंथालयासमोर तुमचं नाव लिहिलं. यादी लागली की तुम्ही नोटीस बोर्डासमोर चष्मा लावून उभ्या राहायचात, वरून खालपर्यंत वाचायचात, आणि माझ्या टेबलापाशी येऊन म्हणायचात, "ग्रंथालय. चला, पुस्तकं रडत नाहीत." तुम्ही ते थट्टेने म्हणायचात. तिसऱ्या वर्षी तुम्ही माझ्या टेबलापाशी न येता सरळ ग्रंथालयात गेलात.

ग्रंथालयातही तुमचा वर्ग भरायचाच. अडलेली पोरं मधल्या सुट्टीत काडेपेट्या घेऊन यायची. अनन्या पाचवीत गेली तरी यायची, आता इतरांना सांगायला. मी दारातून बघायचो आणि मनात म्हणायचो, बघ, मिळालंच ना त्यांना त्यांचं. स्वतःला किती प्रकारे गप्प करता येतं.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी ठरवून आलो होतो. बेळ्ळंदूरहून हॉस्पिटलला यायला दीड तास लागला, सगळा रस्ता वाक्य घोळवत होतो. खोलीत मेघा होती, तुमचे दीर होते, सलाइन लावणारी नर्स होती. तुम्ही मला बघितलंत आणि नर्सला कन्नडमध्ये सांगितलंत, "हा माझा गुरू. म्हातारपणी यानंच मला सगळं शिकवलं." ती माझ्याकडे कौतुकाने बघून हसली. मी तुमचे पाय धरले असते तर सगळ्यांना वाटलं असतं, आजारपणामुळे. मी उशी सरळ केली आणि आलो. त्यानंतर तुम्ही नऊ दिवस होतात. त्यातल्या कुठल्याही दिवशी मी येऊ शकलो असतो.

आता राहिलेली गोष्ट सांगतो.

तुमच्या तेराव्यानंतर मेघाने मला घरी बोलावलं, शाळेची पुस्तकं परत न्यायला. निघताना ती सहज म्हणाली, "सर, आईला त्या खुल्या वर्गाचं फार लागलं होतं. शेवटपर्यंत स्वतःच्या बोटांना शिव्या घालायची. हसत, पण घालायची." मी पुस्तकांची पिशवी हातात घेऊन जिन्यावर उभा राहिलो. तुम्ही ते खरंच मानत होतात की मुलीसमोरही मला झाकत होतात, हे मला आता कधीच कळणार नाही. आणि मला जाणवलं, हे कळलं असतं तरी माझ्या अपराधात फरक पडला नसता.

काल शाळेत शोकसभा झाली. हॉल भरला होता. पालक होते, पडद्यावरही काही होते, ते सगळं मीच जोडलं होतं. सेक्रेटरी सर बोलले. चांगलं बोलले. म्हणाले, "पद्मा मॅडमना सुरुवातीला तंत्रज्ञान जमलं नाही, आपण सगळ्यांनी तो वर्ग पाहिला होता. पण त्यांची जिद्द..." पहिल्या रांगेत मेघा खाली बघत होती. त्यांच्यानंतर माझा नंबर होता. तुमच्या फोटोंचा स्लाइड-शो लावायचा आणि दोन शब्द बोलायचे, एवढंच.

मी स्लाइड-शो लावला नाही. इंग्रजीत सांगितलं, तो आवाज मी बंद केला होता. सुरुवातीला कुणाला कळलंच नाही. सेक्रेटरी सरांनी हाताने खुणावलं, बस, नंतर. मी त्यांच्याकडे न बघता सगळं सांगितलं, तारीखवार, मेसेजसकट, मी टाकलेला मेसेज आणि मला आलेले मेसेज. मीटिंगमध्ये मी काय म्हणालो तेही. ते उठून बाहेर गेले. माझं पुढे काय होईल ते होईल, सोमवारी बोलावलं आहे.

मागच्या रांगेतून शाळेच्या आया लक्ष्मम्मा यांनी शेजारणीला विचारलं, "एन हेळिद्रु?" काय म्हणाले ते? त्यांना इंग्रजी कळत नाही. मग मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये परत सांगितलं. चुका होत होत्या, शब्द सापडत नव्हते. "तप्पु नंदे," म्हणालो. चूक माझीच. लक्ष्मम्मा माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या नजरेत दया नव्हती, आणि ते बरंच झालं.

मेघा उभी राहिली होती. ती निघून जाईल असं मला वाटलं. गेली नाही. या माणसांसमोर तिलाही हे आत्ताच ऐकायला लावलं, आधी तिच्या घरी जाऊन सांगायला हवं होतं, हे मला बोलता बोलता कळलं. ती चूकही माझ्याच नावावर. आता मागे फिरता येत नव्हतं.

मग मी मराठीत बोललो. हॉलमध्ये ते तिच्याशिवाय कुणालाही समजणार नव्हतं, आणि ते तिच्यासाठीही नव्हतं.

"पद्मक्का, तुम्ही एका घाबरलेल्या लेकरासाठी वर्ग थांबवला होता. मी माझ्यासाठी तुम्हाला थांबवलं. तुमचा वर्ग मी घालवला, आणि तो परत देणं माझ्या हातात असताना तीन वर्षं दिला नाही. तुम्ही विचारलंत, तेव्हा मी खोटं बोललो. तुम्ही मला गुरू म्हणालात, तेव्हा मी गप्प बसलो. मला माफ करा, अक्का. तुमच्या बोटांची काहीही चूक नव्हती."